स्वस्तातली कुऱ्हाड कामाला लावताना: काय करावे, काय टाळावे

भोसरी, मोशी, चाकण पट्ट्यात हाताने लाकूडकाम करणाऱ्यांसाठी

काय करावे

*निवड*

१. एका हाताने तासण्यासाठी ६०० ते ७०० ग्रॅमचे पाते निवडा. जड पात्याने मनगट लवकर थकते.

२. भंगारातले पाते घेताना नेढे, म्हणजे दांडा बसतो ते भोक, उजेडात धरून तपासा. तिथे चीर असेल तर पाते ठेवून द्या.

३. धारेवर कानस ओढून पाहा; खोल रुतली तर पाते मऊ, नुसती घसरली तर फार कडक, बेताने चावली तर योग्य.

४. मऊ पाते रस्त्याकडेला भाता लावणाऱ्या घिसाडी कारागिराला दाखवा. पोलाद असेल तर धारेला नव्याने पाणी, म्हणजे तापवून आणलेला कडकपणा, देऊन घ्या.

*गंज*

५. आधी दांडा काढा, मगच पाते पांढऱ्या व्हिनेगरमध्ये रात्रभर बुडवा.

६. सकाळी वायर ब्रशने घासा आणि खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुवा. उरलेले आम्ल पुन्हा गंज आणते.

७. धुतल्याबरोबर कोरडे पुसून मशीन तेलाचा हात फिरवा.

८. जुना रंग खरवडताना चष्मा आणि मास्क दोन्ही लावा.

९. मार खाऊन माथ्याची कड बाहेर फुलली असेल तर ती कानशीने उतरवा. तिचा तुकडा उडून डोळ्यात जाऊ शकतो.

*दांडा*

१०. जुना दांडा पात्याच्या खाली करवतीने कापा, नेढ्यातले लाकूड ड्रिलने पोखरा आणि नेढ्याच्या रुंद तोंडाकडून बाहेर ठोका.

११. नवा दांडा वाळलेल्या बाभळीचा किंवा धामणाचा घ्या. दोन्ही लाकडे धक्का सोसतात.

१२. लाकडाच्या रेषा बुडापासून टोकापर्यंत सरळ धावतात याची खात्री करा. तिरकी रेष तिथेच मोडते.

१३. नेढ्याच्या आतल्या धारदार कडा अर्धगोल कानशीने मारून घ्या; त्या दांड्याचे तंतू कापतात.

१४. पाते चढवताना कुऱ्हाड पाते खाली करून अधांतरी धरा आणि दांड्याच्या बुडावर लाकडी हातोडा मारा. पाते दांड्यावर घट्ट चढत जाते.

१५. पाचरेची खाच नेढ्याच्या दोन तृतीयांश खोलीपर्यंत घ्या आणि पाचर सुक्या, कठीण लाकडाची करा.

१६. जवसाच्या तेलाचे तीन पातळ हात द्या. आधीचा हात पूर्ण मुरला की पुढचा.

*धार*

१७. पाते व्हाइसमध्ये दोन लाकडी पट्ट्यांच्या मधे आवळा. हललेल्या पात्यावर कोन टिकत नाही.

१८. कड मार्करने रंगवा. कानस नेमकी कुठे लागते ते लगेच दिसते.

१९. कानशीला मूठ बसवा, हातात चामड्याचे मोजे घाला, ढकलताना जोर द्या आणि परत आणताना कानस उचला.

२०. आधी धारेमागचे गाल पातळ करा, मग धार काढा. जाड गाल लाकडात शिरत नाहीत, नुसते अडकतात.

२१. तासकामासाठी दोन्ही बाजू मिळून २५ ते ३० अंशांचा कोन ठेवा, लाकूड फोडायचे असेल तर ३० ते ३५.

२२. ग्राइंडर वापरलाच तर एकेक हलका हात मारून पाते पाण्यात बुडवा. धारेचे पाणी शाबूत राहते.

२३. कानशीनंतर एमरी पेपर लाकडी पट्टीवर चिकटवा आणि २२०, ४००, ८०० या क्रमाने घासा.

२४. कडेवर उलटलेली बारीक बर बोटाला लागेनाशी होईपर्यंत बाजू बदलत घासा.

२५. शेवटी जुन्या चामडी पट्ट्यावर बफिंगचे कंपाऊंड चोळून पाते मागच्या दिशेने ओढा.

*वापर आणि जपणूक*

२६. तासताना जाड, स्थिर ओंडका खाली घ्या आणि लाकूड धरणारा हात घावाच्या रेषेच्या वर ठेवा.

२७. कंपन्यांच्या पॅलेटचे लाकूड वापरण्याआधी शिक्का वाचा; एचटी म्हणजे उष्णतेने प्रक्रिया केलेले.

२८. पात्याला चामड्याचे म्यान शिवा आणि कुऱ्हाड बंद पिशवीत घालूनच न्या.

२९. खंडेनवमीची पूजा झाली की हळद-कुंकू कोरड्या फडक्याने पुसा आणि पात्याला तेल लावा. ओल्या कुंकवाखाली गंज धरतो.

३०. काम सुरू करण्याआधी दर वेळी दांडा हलवून पाहा आणि पाते पट्ट्यावर ओढून घ्या.

काय टाळावे

*निवड*

१. घरकामासाठी दोन किलोचे पाते घेऊ नका. ते झाडतोडीचे आहे, तासकामाचे नाही.

२. रंगाची चकाकी पाहून पाते उचलू नका; रंगाखाली वेल्डिंगचा सांधा लपलेला असू शकतो.

३. बोथट आहे म्हणून कुऱ्हाड नाकारू नका. हार्डवेअरच्या दुकानातली स्वस्त कुऱ्हाड बहुधा बोथटच मिळते.

४. घरच्या गॅसवर पाते तापवून पाणी द्यायला जाऊ नका. हवे ते तापमान मिळत नाही आणि असलेले पाणीही उतरते.

*गंज*

५. फरशी साफ करायचे ॲसिड वापरू नका. पोलादाला खड्डे पडतात आणि ते ठिसूळ होऊ शकते.

६. पाते व्हिनेगरमध्ये घालून विसरू नका. गंज संपला की आम्ल चांगले लोखंड खाते.

७. धुतलेले पाते ओले सोडून उठू नका. पावसाळी हवेत गंज लगेच परततो.

८. घासलेली भुकटी मोरीत सोडू नका. कागदात बांधून कचऱ्यात टाका.

९. माथ्यावर लोखंडी घण मारू नका आणि कुऱ्हाडीने छिन्नी ठोकू नका. नेढे ताणून फाटते.

*दांडा*

१०. जुना दांडा जाळून काढू नका. धारेचे पाणी त्याच आगीत जाते.

११. हिरव्या लाकडाचा दांडा बसवू नका. मे महिन्यात तो आकसतो आणि पाते सुटते.

१२. गाठ असलेले लाकूड दांड्याला घेऊ नका, गाठ कितीही लहान असो.

१३. सैल दांडा पाण्यात भिजवू नका. लाकूड फुगून तंतू दबतात आणि वाळल्यावर पाते आणखी सैल होते.

१४. पाचरेच्या जागी खिळे ठोकू नका; खिळा दांड्याला चीर पाडतो.

१५. दांड्यावर चकचकीत वार्निश चढवू नका. घामेजलेला हात सटकतो.

१६. जवसाच्या तेलाची चिंधी किंवा कॉटन वेस्ट चुरगळून टाकू नका. ती आपोआप पेटू शकते, म्हणून उघड्यावर पसरून वाळवा.

*धार*

१७. पाते पायाखाली दाबून कानस मारू नका.

१८. एकाच बाजूने घासत राहू नका. धार मधून सरकते आणि घाव तिरका जातो.

१९. कानस मागे-पुढे रगडू नका; परतीच्या हाताने तिचे दात मरतात.

२०. धार निळी पडू देऊ नका. निळा रंग आला म्हणजे तेवढ्या भागाचे पाणी उतरले, तो भाग घासून टाकावा लागतो.

२१. तासायच्या कुऱ्हाडीला वस्तऱ्याइतका बारीक कोन देऊ नका. पहिल्याच गाठीवर तुकडा पडतो.

२२. बेंच ग्राइंडरवर हातमोजे घालू नका. चाक मोज्यासकट बोट ओढते.

२३. गार्ड काढलेला ग्राइंडर चालवू नका, आणि ठिणग्यांच्या वाटेत तेलकट कापड ठेवू नका.

२४. रात्री दहानंतर चाळीत किंवा सोसायटीत ग्राइंडर लावू नका. रात्रीचे काम कानशीने होते.

२५. धारेच्या लांबीवर बोट फिरवून धार पाहू नका. कागद कापून पाहा.

*वापर आणि जपणूक*

२६. मांडीवर किंवा उघड्या फरशीवर लाकूड ठेवून घाव घालू नका.

२७. एमबी शिक्क्याच्या पॅलेटचे लाकूड घरात आणू नका, आणि कण्हेरीच्या लाकडाचा चमचा कोरू नका. पहिल्याला विषारी धुरी दिलेली असते, दुसरे मुळातच विषारी आहे.

२८. कुऱ्हाड दुचाकीला उघडी बांधून हिंडू नका. महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ च्या कलम ३७ खाली मनाई आदेश असेल तर ती जप्त होऊन गुन्हा दाखल होऊ शकतो.

२९. धार आजमावण्यासाठी उभ्या झाडाला हात लावू नका. महापालिका हद्दीत १९७५ च्या झाडांच्या संरक्षण व जतन अधिनियमाप्रमाणे वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते.

३०. धार गेली असताना जोर वाढवून काम रेटू नका. बोथट पाते लाकडावरून घसरून अंगावर येते.