फ्यूज बॉक्स बसला, पण गाडी कोणाची?

पुण्यातल्या एका फोर्ड इकोस्पोर्टच्या फ्यूज बॉक्समध्ये पावसाचे पाणी उतरले आणि पिना हिरव्या पडल्या. मालकाने जुन्या सामानाच्या बाजारातून तसाच दिसणारा दुसरा बॉक्स आणला. कनेक्टर तेच, फ्यूजच्या जागाही त्याच. इलेक्ट्रिशियनने तो बसवून बॅटरी जोडली. मीटर उजळला, पण इंजिनाने दाद दिली नाही; इमोबिलायझरचा, म्हणजे चोरी रोखणाऱ्या यंत्रणेचा, दिवा भराभर लुकलुकत राहिला. पुढे किल्ल्या जुळवून गाडी सुरू झाली तेव्हा वेगळ्याच तक्रारी निघाल्या. या गाडीच्या टायरमध्ये हवेचा दाब मोजणारे सेन्सर नव्हतेच, तरी मीटर त्यांच्या नावाने इशारे देऊ लागला. वायपर थांबून थांबून फिरेनात. एकही वायर चुकीची जोडलेली नव्हती. बॉक्स आला होता वरच्या मॉडेलच्या गाडीतून, आणि आपण अजून त्याच गाडीत आहोत असे धरून तो काम करत होता.

वीस-पंचवीस वर्षांपूर्वी हा प्रश्न फारसा आला नसता. तेव्हाचा फ्यूज बॉक्स म्हणजे धातूच्या पट्ट्या, रिले आणि रंगीत फ्यूज: लाल १० अँपिअरचा, निळा १५ चा, पिवळा २० चा. जळला तर त्याच मापाचा दुसरा लावायचा. पुढे गाडीतली निरनिराळी कंट्रोल युनिट्स एकमेकांशी दोन वायरींवरून बोलू लागली. बॉश कंपनीने १९८६ मध्ये जगापुढे ठेवलेली ही ‘कॅन’ पद्धत गाड्यांमध्ये रुळली आणि बऱ्याच मॉडेलमध्ये फ्यूज बॉक्स व बॉडी कंट्रोल मॉड्यूल, म्हणजे गॅरेजच्या भाषेत बीसीएम, एकाच डब्यात आले. इकोस्पोर्टमध्ये हा डबा ग्लोव्ह बॉक्सच्या मागे असतो. अशा डब्याच्या मेमरीत चॅसी नंबर असतो, गाडीला काय काय बसवले आहे याची नोंद असते, सेंट्रल लॉक कसे वागावे, लाइट कधी लागावेत हे ठरवलेले असते. अनेक गाड्यांत चोरी रोखणाऱ्या कोडचा एक हिस्साही तिथेच असतो.

फोर्डने ९ सप्टेंबर २०२१ रोजी भारतातले गाड्यांचे उत्पादन थांबवण्याची घोषणा केली. शेवरोलेची विक्री २०१७ च्या अखेरीस इथे थांबली होती. या गाड्या मात्र रस्त्यावर आहेत, आणि त्यांच्या मालकांना जुन्या पार्टसाठी पुण्याची मंगळवार पेठ, मुंबईतले कुर्ला किंवा दिल्लीतले मायापुरी गाठावे लागते. त्यात कमीपणा काहीच नाही. चांगला जुना पार्ट वर्षानुवर्षे चालतो. पण २०१९ मध्ये कोल्हापूर-सांगलीत आणि २०२१ मध्ये चिपळुणात किती गाड्या पाण्याखाली गेल्या ते महाराष्ट्राने पाहिले आहे. अशा गाडीतला बॉक्स पुसून चकचकीत करता येतो. म्हणून घेताना कनेक्टरच्या आतल्या पिना टॉर्चने पाहाव्यात, प्लास्टिकच्या सांध्यात गाळाची रेघ आहे का ते तपासावे आणि स्टिकरवरचा पार्ट नंबर शेवटच्या अक्षरापर्यंत जुळवावा. तो बॉक्स ज्या गाडीतून निघाला तिचे व्हेरियंट आणि साल विचारून लिहून ठेवावे. विक्रेता सांगू शकला नाही तर तेही किमतीत धरावे.

त्याआधीचा प्रश्न असा की बॉक्स बदलायलाच हवा का? अमेरिकेत २०११ च्या जीप ग्रँड चेरोकी आणि डॉज डुरँगो या गाड्यांच्या पॉवर मॉड्यूलमधला इंधन पंपाचा रिले बिघडू लागला. क्रायस्लरने २०१४ मध्ये सुमारे १.८९ लाख गाड्या परत बोलावल्या, पण त्यावर उपाय म्हणून पंपासाठी बाहेरून वेगळा रिले जोडला. आपल्याकडेही चांगला कारागीर सर्किटवरचा जळलेला रिले किंवा सैल टाका दुरुस्त करून देतो. मूळ बॉक्स वाचला तर पुढचा बराचसा खटाटोप वाचतो, आणि हा पर्याय गॅरेजमध्ये आधी विचारला जात नाही याची खरोखर खंत वाटते.

बदलायचाच ठरला, तर जुना बॉक्स काढण्याआधी त्यातले सेटिंग वाचून ठेवणे हे सगळ्यात मोलाचे काम. अर्धवट जिवंत बॉक्सही स्कॅनरला बऱ्याचदा उत्तर देतो. फोर्डसाठी फोरस्कॅन, फोक्सवॅगन-स्कोडासाठी व्हीसीडीएस ही साधने अनेक गॅरेजवाल्यांच्या हाताखालची आहेत. मॉड्यूलची संपूर्ण फाइल लॅपटॉपमध्ये आणि आणखी एका ठिकाणी जपून ठेवावी, शिवाय पडद्याचे फोटो काढावेत. पुण्यातल्या त्या गाडीत हे झाले नव्हते. सुदैवाने जुना बॉक्स फेकलेला नव्हता, कपाटात ठेवलेला होता. दुसऱ्या इलेक्ट्रिशियनने तो पुन्हा जोडून वाचला आणि म्हणाला, “साहेब, तुमची गाडी या डब्यात आहे. हा भंगारात देऊ नका.”

जुना बॉक्स पूर्ण मेलेला असेल, तर कारखान्यातून निघतानाचे सेटिंग मिळवावे लागते. फोर्ड ते चॅसी नंबरनुसार ‘अ‍ॅज-बिल्ट’ डेटा म्हणून ठेवते. बीसीएमच्या ओळी ७२६ या आकड्याने सुरू होतात आणि प्रत्येक ओळीच्या शेवटी पडताळणीचे दोन अंक असतात. मधला एक अंक बदलला की तेही बदलतात. चॅसी नंबर हाताने टाकताना एक गोष्ट ध्यानात असावी: त्या १७ अक्षर-अंकांत आय, ओ आणि क्यू ही इंग्रजी अक्षरे कधीच नसतात. गोल दिसले की ते शून्यच.

मग लिहिण्याचे काम. आधी चॅसी नंबर आणि गाडीची मूळ नोंद पूर्ववत करावी, गाडी नीट चालते का पाहावे, आणि तिथे थांबावे. रिमोटने काचा खाली करणे, दिवसा लाइट चालू ठेवणे असल्या हौशी याच बैठकीत मिसळल्या की बिघाड कुठून आला ते सापडत नाही. नंतर करायच्याच तर एका वेळी एकच बदल करावा आणि आधीची किंमत वहीत लिहावी. एअरबॅग, एबीएस आणि स्टीअरिंगच्या मॉड्यूलमध्ये अंदाजाने काहीही लिहू नये; ते काम त्या गाडीची पद्धत माहीत असलेल्याकडेच द्यावे.

लिहिताना व्होल्टेज पडले तर चांगला बॉक्सही कायमचा मुका होऊ शकतो. भरलेली बॅटरी विश्रांतीत साधारण १२.६ व्होल्ट दाखवते, पण इग्निशन चालू ठेवून बराच वेळ काम केले की ती उतरते. म्हणून स्थिर व्होल्टेज देणारा सपोर्ट चार्जर लावावा, ब्लोअर आणि हेडलाइट बंद ठेवावेत. ब्लूटूथच्या स्वस्त अ‍ॅडॉप्टरने कोड वाचणे ठीक. लिहिण्यासाठी मात्र वायरचा, नावाजलेला अ‍ॅडॉप्टर असावा.

किल्ल्यांबाबत विशेष सावधपणा हवा. फोर्डच्या बहुतेक मॉडेलमध्ये जुन्या किल्ल्या पुसून नव्याने शिकवताना किमान दोन किल्ल्या लागतात. हातात एकच असताना पुसण्याचा आदेश दिला, तर गाडी जागच्या जागी अडकते आणि टोइंग बोलवावे लागते. दुसरी किल्ली गावी आईकडे असेल, तर ती येईपर्यंत काम पुढे ढकलावे.

काम झाल्यावर बिघाडाचे कोड पुसून गाडी चालवावी आणि पुन्हा स्कॅन करावी. यू०१४० हा कोड आला तर बाकीच्या युनिट्सना बीसीएम सापडत नाही. अशा वेळी बॅटरी सोडून, स्कॅनर जोडायच्या ओबीडी सॉकेटच्या ६ आणि १४ क्रमांकाच्या पिनांमध्ये रोध मोजावा. अनेक गाड्यांत दोन्ही टोकांचे १२० ओहमचे रोधक मिळून तो ६० च्या आसपास यायला हवा. १२० आला तर एका टोकाशी संपर्क तुटला आहे.

चुकीच्या सेटिंगमुळे बीसीएम झोपत नाही आणि रात्रभरात बॅटरी उतरते, हा त्रास अनेकदा उशिरा लक्षात येतो. गाडी लॉक करून अर्धा-पाऊण तास थांबावे आणि बॅटरीतून जाणारा प्रवाह मोजावा. बहुतेक गाड्यांत तो ५० मिलिअँपिअरच्या आत असतो. जास्त आला तर फ्यूज उपटत बसू नये, त्याने झोपलेली युनिट्स जागी होतात. फ्यूजच्या पाठीवरच्या दोन उघड्या टोकांवर मीटरने मिलिव्होल्ट मोजले की प्रवाह कोणत्या वाटेने जातो ते कळते.

काही गाड्यांत बीसीएम किलोमीटरचा आकडाही जपतो. बसवलेला बॉक्स जास्त चाललेल्या गाडीतला असेल, तर मीटरचा आकडा वर जाऊ शकतो. म्हणून बदलण्याआधीच्या मीटरचा तारखेसह फोटो काढावा, आणि गॅरेजच्या बिलावर जुन्या व नव्या बॉक्सचे पार्ट नंबर, त्या दिवशीचे किलोमीटर आणि केलेले कोडिंग लिहून घ्यावे. गाडी विकताना हे बिल सेटिंगच्या फाइलसह पुढच्या मालकाच्या हाती द्यावे, म्हणजे त्याच्या इलेक्ट्रिशियनला शून्यापासून शोधत बसावे लागणार नाही.