काश्मीरला निघण्याआधी एक कागद लिहा

जम्मू-काश्मीरमध्ये बाहेरच्या राज्याचं प्रीपेड सिम चालत नाही, पोस्टपेडच लागतं. सहलीच्या माहितीपत्रकात हे बारीक टायपात असतं. मी ते सगळ्यात आधी सांगते. 22 एप्रिल 2025 रोजी पहलगामजवळच्या बैसरनमध्ये अतिरेक्यांनी पर्यटकांवर गोळ्या झाडल्या, तेव्हा आमचा ग्रुप श्रीनगरला होता आणि मोजक्यांचेच फोन लागत होते. इकडे घरचे टीव्हीसमोर बसून आमचे नंबर फिरवत होते. त्या दिवशी आम्ही नेमके कुठे आहोत हे त्यांना ठाऊकच नव्हतं. हल्ल्यात 26 जण गेले, त्यातले सहा महाराष्ट्रातले. नावं जाहीर होईपर्यंत इथल्या किती घरांत चूल पेटली नसेल!

म्हणून रोजचा मुक्काम, हॉटेलचा फोन, ड्रायव्हरचा आणि गाडीचा नंबर कागदावर लिहून घरी ठेवा. एकेक प्रत प्रत्येकाच्या खिशात असू द्या, टूर मॅनेजरकडे असून भागत नाही. औषधांची नावंही त्यावर लिहा आणि गोळ्या चार दिवस जास्तीच्या घ्या. दुसऱ्या दिवशी हल्ल्याच्या निषेधात अख्खं काश्मीर बंद होतं आणि आमच्यातल्या एका काकूंच्या रक्तदाबाच्या गोळ्या संपत आल्या होत्या. हॉटेलच्या मालकांनी ओळखीच्या औषधवाल्याला घरून बोलावून दुकान उघडायला लावलं.

अशा वेळी सगळ्यांना एकच सुचतं, आत्ताच्या आत्ता निघू या. पण रामबनजवळ ढगफुटी आणि दरडींमुळे जम्मूचा महामार्ग दोन दिवस आधीच तुटला होता. ड्रायव्हर म्हणाला, "आज आप लोग कहीं मत निकलिए, मैं यहीं हूँ." आमच्यातल्या काहींना त्याच्याच हेतूची शंका आली. मला त्याचं आजही वाईट वाटतं. बैसरनला पर्यटकांना वाचवताना जीव गमावलेला घोडेवाला, सय्यद आदिल हुसेन शाह, त्याच मातीतला होता. रस्ता कुठला खुला, कुठे थांबणं बरं, हे तिथल्या माणसाला कळतं. त्याचं ऐका.

बैसरनला गाडीरस्ता नाही. तिथं पायी नाहीतर घोड्यावरूनच पोचता येतं. अशा जागी मदत पोचायलाही वेळ लागतो. म्हणून अशा ठिकाणी जायच्या दिवशी सकाळी स्थानिक पोलिसांना किंवा पर्यटन खात्याला विचारल्याशिवाय वर जाऊ नका. हल्ल्यानंतर सरकारनं 87 पैकी 48 पर्यटनस्थळं बंद केली आणि पुढे टप्प्याटप्प्यानं काही उघडली, तेव्हा मागच्या वर्षी गेलेल्या शेजाऱ्यांच्या सांगण्यावर विसंबू नका. प्रवास विम्यात दहशतवादी हल्ला धरला आहे का, हेही पॉलिसीत वाचून घ्या. पुष्कळ पॉलिसींत तो वगळलेला असतो.

घरच्यांशी बोलायला ग्रुपमधला एकच माणूस नेमा आणि त्यानं ठरलेल्या वेळीच फोन करावा. बाकीच्यांनी हाती आलेला व्हिडिओ पुढे ढकलू नये. त्या हल्ल्यानंतर एका जोडप्याचा जुना व्हिडिओ मृतांचा म्हणून देशभर फिरला आणि आपण जिवंत आहोत हे त्या दोघांना स्वतः पुढे येऊन सांगावं लागलं.