‘चढविणे’ आणि ‘उतरविणे’

हल्ली प्रवेशाचा अर्ज असो, शिष्यवृत्ती असो की परीक्षेचा निकाल असो, ‘अपलोड’ आणि ‘डाउनलोड’ हे दोन इंग्रजी शब्द उच्चारल्यावाचून काम पुढे सरकत नाही. हे शब्द परस्परविरुद्ध आहेत एवढे सर्वांस ठाऊक असते. परंतु ते कोणत्या बाबतीत विरुद्ध आहेत व कोणत्या बाबतीत नाहीत, याचा विचार सहसा होत नाही. तो आम्ही येथे थोडक्यात करणार आहोत.

दोन्ही शब्दांतील ‘लोड’ म्हणजे ओझे अथवा माल. आमच्या मुरुडपासून हर्णै बंदर जवळच आहे. तेथे होड्या आल्या म्हणजे मासळी उतरविली जाते आणि होड्या रिकाम्या होतात. एकच टोपली एकाच वेळी होडीत आणि किनाऱ्यावर असू शकत नाही. तेव्हा मालाच्या बाबतीत चढविलेले उतरविले की पूर्वस्थिती येते. माहितीचे तसे नाही. परीक्षेचा निकाल हजारो विद्यार्थ्यांनी उतरवून घेतला तरी मूळ निकाल जागच्या जागी राहतो. आणि आपण आपले छायाचित्र चढविले तरी ते आपल्या फोनमधून नाहीसे होत नाही. दोन्ही क्रियांत मूळ वस्तू हलत नाही, तिची नक्कल तयार होते. म्हणजे हे शब्द दिशेने विरुद्ध आहेत, परिणामाने नव्हेत.

आता दिशा म्हणजे काय ते पाहू. येथील ‘अप’ आणि ‘डाउन’ यांचा उंचीशी संबंध नाही. मध्य रेल्वेवर पुण्याहून बोरघाट उतरून मुंबईस येणारी गाडी ‘अप’ म्हणविली जाते आणि मुंबईहून घाट चढून पुण्यास जाणारी ‘डाउन’. कारण मुख्य ठाण्याकडे जाणे ते ‘अप’ आणि तेथून निघणे ते ‘डाउन’, असा हा संकेत आहे. संगणकाच्या व्यवहारातही तेच. आपल्या हातातील यंत्राकडून पुष्कळांच्या उपयोगाच्या थोरल्या साठ्याकडे माहिती जाते ते ‘अपलोड’. त्या साठ्यातून आपल्याकडे येते ते ‘डाउनलोड’. दोन मित्रांनी शेजारी बसून एका फोनमधून दुसऱ्यात चित्र थेट घेतले, तर तेथे थोरले-धाकटे कोणीच नाही. तेव्हा नुसते ‘पाठविणे’ व ‘घेणे’ हेच शब्द योग्य होत.

हे शब्द नवे असले तरी त्यांमागील कल्पना मराठीस नवी नाही. सरकारी दप्तरात नाव ‘चढते’ आणि त्या दप्तराचा ‘उतारा’ मिळतो, हे आपल्या आजोबांसही ठाऊक होते. सातबाराचेच उदाहरण घेऊ. गाव नमुना 7 हा जमिनीच्या हक्कांचा अभिलेख आणि नमुना 12 ही पिकांची नोंद. दोहोंचा मिळून सातबारा उतारा होतो. खातेदार वारला म्हणजे वारसांची नोंद फेरफाराच्या वहीत, म्हणजे गाव नमुना 6 मध्ये होते. संबंधितांस नोटीस जाते, हरकतीस अवधी मिळतो, आणि मंडळ अधिकाऱ्याने नोंद प्रमाणित केल्यावर नवी नावे सातबारावर चढतात. चढविण्यास इतके सोपस्कार. उतारा मात्र मागेल त्यास मिळतो. आता तर सन 2018 पासून डिजिटल सहीचा उतारा घरबसल्याही काढता येतो.

येथे भाषेची एक खूण ध्यानात घेण्याजोगी आहे. दप्तरात चढलेले नाव काढावयाचे झाल्यास महसुली भाषेत ते ‘कमी करणे’ म्हणतात, ‘उतरविणे’ म्हणत नाहीत. चढविण्याचा खरा विरुद्ध अर्थ ‘कमी करणे’ यात आहे. उतारा घेण्याने नोंदीस धक्काही लागत नाही. कोकणात एका आगरास दहा-पंधरा सहहिस्सेदार असतात आणि त्यांतील निम्मे मुंबईस. जुना उतारा ट्रंकेत जपून ठेवला म्हणजे आपले नाव दप्तरी कायम आहे, असे समजणाऱ्याची फसगत होते. उतारा हा ज्या दिवशी काढला त्या दिवसापुरता साक्षीदार असतो. मागाहून दप्तरात काय फिरले ते तो सांगत नाही.

उताऱ्याचा दुसरा धोका आपल्या वाङ्मयाने अनुभवला आहे. ज्ञानेश्वरी शके 1212, म्हणजे इ. स. 1290 मध्ये सिद्ध झाली. पुढे पोथीवरून पोथी उतरवून घेताना तीत पाठभेद शिरले. तेव्हा एकनाथमहाराजांनी शके 1506, म्हणजे इ. स. 1584 मध्ये प्रती ताडून ग्रंथ शुद्ध केला. उताऱ्यावरून उतारा होत गेला की मुळाकडे परतावे लागते, हा त्यातील धडा.

आमच्या विद्यार्थिमित्रांस याचा उपयोग दोन ठिकाणी आहे. शाळा सोडल्याचा दाखला हा शाळेच्या जनरल रजिस्टरचा उताराच होय. त्यात नाव वा जन्मतारीख चुकली असेल तर दाखल्यावर खाडाखोड करून काहीच साधत नाही, उलट दाखला संशयास्पद ठरतो. मूळ रजिस्टर दुरुस्त व्हावे लागते. आणि शाळा सोडल्यावर ते फार अवघड असते. म्हणून शाळेत असतानाच ती नोंद वडीलधाऱ्यांसह एकदा डोळ्यांखालून घालावी. दुसरे, मित्राचे छायाचित्र किंवा थट्टेचा मजकूर इंटरनेटवर चढविला आणि तासाभराने कमी केला, तरी त्या तासात तो किती जणांनी उतरवून घेतला ते आपणास कळत नाही, आणि त्यांच्या प्रती आपल्या हुकमतीत नसतात. हर्णैच्या होडीतून चुकून उतरविलेली टोपली परत चढविता येते; ही येत नाही. तेव्हा चढविण्यापूर्वी संबंधितांस विचारावे आणि उतरविलेल्यावर भिस्त ठेवण्यापूर्वी त्याची तारीख पाहावी, एवढीच आमची विनंती आहे.