‘रूथ’ ग्रंथातील माहेर आणि निष्ठा

हिब्रू धर्मग्रंथातील ‘रूथ’ हे चार अध्यायांचे लहानसे पुस्तक सासू-सुनेच्या नात्यावर उभे आहे. कोकणातील बेने इस्राएल समाजाची मराठी आणि पंडिता रमाबाईंचा मूळ भाषांवरून केलेला, १९२४ मध्ये प्रकाशित झालेला बायबलचा अनुवाद यांमुळे हा विषय मराठी अभ्यासाला परका नाही.

पती व दोन्ही पुत्र गमावलेली नामी मवाब देशातून बेथलेहेमकडे निघते, तेव्हा ती विधवा सुनांना आपापल्या ‘आईच्या घरी’ परतण्यास सांगते. पितृप्रधान समाजातील कथेत ‘पित्याचे घर’ असा उल्लेख येत नाही, हे लक्षणीय होय. मराठीतील ‘माहेर’ हा शब्दही ‘मातृगृह’ यापासून व्युत्पन्न मानला जातो. अर्पा माहेरी परतते. निवेदक तिला दोष देत नाही. रूथ मात्र नामीला बिलगून राहते. तेथील ‘दावक’ हेच क्रियापद ‘उत्पत्ती’च्या दुसऱ्या अध्यायात पती-पत्नीच्या मीलनासाठी योजिले आहे.

जात्यावरच्या ओवीत माहेर बहुधा विसावा, तर सासर परीक्षा ठरते. रूथ ही विभागणी ओलांडते. वैधव्यानंतर तिच्यावर सासरचे बंधन उरलेले नाही; तरीही ती राहते. अशा कर्तव्यापलीकडील निष्ठेसाठी हिब्रूत ‘हेसेद’ हा शब्द आहे. या ग्रंथात तो तीनदा येतो. ‘प्रेम करणे’ हे क्रियापद मात्र एकदाच, चौथ्या अध्यायात येते. रूथचा बवाजशी विवाह होऊन तिला पुत्र झाल्यानंतरही, तेथील स्त्रिया ते वापरतात ते सुनेच्या सासूवरील प्रेमासाठी.