ऑनलाइन विक्री : आधी अभ्यास, मग दुकान



हॉस्टेलमध्ये रात्री अकरानंतर दोनच विषय निघतात. एक म्हणजे मेसची भाजी आणि दुसरा म्हणजे "चल ना यार, आपण काहीतरी ऑनलाइन विकूया!" पहिल्या विषयावर या मासिकात दरवर्षी कविता येतेच, म्हणून मी दुसऱ्या विषयावर लिहायचे ठरवले. माझे शिक्षण कॉन्व्हेंटमधले, त्यामुळे मध्येमध्ये इंग्रजी शब्द डोकावतील. तेवढे चालवून घ्या.

आपल्या सिव्हिलच्या मित्रांना विचारा, प्लॉट मिळाला की पहिल्या दिवशी काय करतात? सॉइल टेस्टिंग. जमीन किती भार पेलेल हे बघितल्याशिवाय कोणी पाया खोदत नाही. पण विकायची गोष्ट आली की आपण आधी नाव ठरवतो, मग लोगो बनवतो, मग माल भरतो आणि सगळ्यात शेवटी विचारतो, "अरे, पण हे घेणार कोण?" वास्तविक हा प्रश्न पहिला हवा. त्याचे तीन भाग पडतात. मागणी आहे का? आधीपासून कोण विकतंय? आणि सगळा खर्च जाऊन हातात काय उरतं?

मोठ्यांनी काय केले?

जेफ बेझोस यांनी १९९४ साली न्यूयॉर्कमधली चांगली नोकरी सोडली. तेव्हा इंटरनेटवर काय विकता येईल अशा सुमारे वीस वस्तूंची त्यांनी यादी केली आणि त्यातून पुस्तके निवडली. पुस्तकांवर प्रेम हे त्याचे मुख्य कारण नव्हते. पुस्तक कुठूनही घेतले तरी तेच असते, ते पोस्टात तुटत नाही, आणि लाखो वेगवेगळी पुस्तके कुठल्याच एका दुकानात मावत नाहीत. म्हणजे नेहमीच्या दुकानाला जे जमत नव्हते तेच ॲमेझॉनने १९९५ मध्ये विकायला घेतले. आपल्याकडे २००७ साली बंगळुरूमध्ये फ्लिपकार्ट सुरू झाले, तेही पुस्तकांपासूनच.

दुसरे उदाहरण झॅपोसचे. १९९९ मध्ये निक स्विनमर्न यांना शंका होती की लोक पायात घालून न बघता बूट घेतील का. त्यांनी गोदाम घेतले नाही. जवळच्या दुकानातल्या बुटांचे फोटो काढून साइटवर टाकले. ऑर्डर आली की त्याच दुकानात जाऊन बूट विकत घ्यायचे आणि पाठवून द्यायचे. फायदा जवळजवळ शून्य, पण प्रश्नाचे उत्तर मिळाले. पुढे २००९ मध्ये ॲमेझॉनने ही कंपनी घेतली.

आता उलटे उदाहरण. पेट्स डॉट कॉम ही कंपनी कुत्र्या-मांजरांचे खाणे विकायची. मागणी होती, जाहिरात तर देशभर गाजत होती. पण खाण्याची जड पोती घरपोच पाठवण्याचा खर्च आणि त्यावर तोट्यातले भाव! फेब्रुवारी २००० मध्ये शेअर बाजारात आलेली कंपनी त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये बंद पडली. म्हणजे नुसती मागणी असून भागत नाही.

आपल्या जवळचे उदाहरण

माझी रूम पार्टनर कोल्हापूर जिल्ह्यातली. तिची आई, म्हणजे आमच्या काकू, घरी कांदा-लसूण मसाला करून गावात विकतात. यंदा बचत गटाकडून कर्ज काढून स्वतःचे कांडप मशीन घ्यायचे आणि मसाला ऑनलाइन विकायचा असे घरात चालले होते. काकूंचा प्रश्न मात्र एकदम नेमका होता, "मसाला चांगला हाय, ते मला ठावं हाय. गिऱ्हाईक कुठं हाय ते तुमी पोरींनी बघून सांगा." कर्जाचा हप्ता काकूंच्याच डोक्यावर बसणार होता, त्यामुळे आम्ही दोघींनी हे काम सबमिशनपेक्षा जास्त सिरियसली घेतले. खालच्या पायऱ्या त्याच अभ्यासातल्या आहेत.

पायरी १ : मागणी

गूगल ट्रेंड्स हे फुकटचे साधन आहे. त्यात २००४ पासूनचा डेटा मिळतो आणि एका वेळी अनेक शब्दांची तुलना करता येते. पण एक गोष्ट नीट समजून घ्या. तिथे दिसणारा ० ते १०० हा आकडा म्हणजे सर्चची संख्या नाही. निवडलेल्या काळातला सर्वात उंच बिंदू म्हणजे १०० आणि बाकी सगळे त्याच्या प्रमाणात. तो आकडा ५० असेल तर पन्नास माणसे असा अर्थ होत नाही. आपल्या भाषेत सांगायचे तर तो नॉर्मलाइज्ड ग्राफ आहे.

ग्राफ किमान पाच वर्षांचा बघावा. 'हापूस' टाकून बघा, दर उन्हाळ्यात डोंगर आणि बाकी वर्षभर सपाट जमीन. अशी वस्तू विकायची तर वर्षाचे भांडवल दोन-तीन महिन्यांत फिरवावे लागते. मसाल्याचेही तसेच आहे. आपल्याकडे वर्षाची बेगमी मार्च ते मे मध्ये होते, पण ती करणारी माणसे मिरची घेऊन गिरणीत जातात. आपले गिऱ्हाईक वेगळे, ज्यांना बेगमी करायला वेळ किंवा जागा नाही ते.

बातमीमुळे वर गेलेला ग्राफसुद्धा फसवतो. जून २०२५ मध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडाने कोल्हापुरीसारख्या चपला दाखवल्या आणि जिकडेतिकडे तोच विषय झाला. तेव्हा 'कोल्हापुरी' शोधणारा प्रत्येकजण चप्पल घ्यायला आलेला नव्हता, बरेचसे नुसते भांडण वाचायला आलेले असणार. बातमी शिळी झाल्यावर जो ग्राफ उरतो ती खरी मागणी.

गूगलच्या कीवर्ड प्लॅनरमध्ये महिन्याला किती सर्च होतात याचा अंदाज मिळतो. जाहिरातीवर खर्च न करणाऱ्याला तो 'शंभर ते हजार' अशा मोठ्या पट्ट्यांमध्ये दिसतो, पण दोन वस्तूंमधला फरक कळायला तेवढा पुरतो. शब्द मराठीत, हिंदीत आणि रोमन लिपीत, तिन्ही प्रकारे टाकून बघा. कांदा 'लसूण' आणि कांदा 'लसुण' शोधणारी माणसे वेगवेगळी असतात!

पायरी २ : स्पर्धा

आमच्या बॅचमध्ये बऱ्याच जणांना वाटते की आधीच दहाजण विकत असतील तर तिथे जाऊ नये. मला हे अर्धेच खरे वाटते. कोणीच विकत नसेल तर बहुतेक वेळा कोणी घेतही नसते. प्रश्न असा विचारावा, की हे दहाजण काय नीट करत नाहीत?

ॲमेझॉनवर प्रत्येक वस्तूच्या माहितीत बेस्ट सेलर्स रँक असतो. आकडा जितका लहान तितकी विक्री जास्त, पण ही तुलना त्या कॅटेगरीपुरतीच. किचनमधला पाचशेवा आणि पूजा-साहित्यातला पाचशेवा यांची तुलना करू नका. काही वस्तूंखाली गेल्या महिन्यात किती विकल्या गेल्या तेही ढोबळ आकड्यात लिहिलेले असते. हे रोज एकाच वेळी बघून दोन आठवडे वहीत लिहा. एका दिवसाच्या रीडिंगवरून ग्राफ काढत नाहीत, हे लॅबमध्ये आपण शिकलोच आहोत.

सगळ्यात जास्त माहिती मिळते ती एक, दोन आणि तीन स्टारच्या रिव्ह्यूंमध्ये. पाच स्टारवाला 'नाइस प्रॉडक्ट' लिहून मोकळा होतो. चिडलेला माणूस मात्र सविस्तर लिहितो. आम्ही वेगवेगळ्या मसाल्यांचे असे चाळीस रिव्ह्यू वाचले आणि तक्रारींचा तक्ता केला. चवीबद्दल तक्रारी कमी निघाल्या. जास्त होत्या त्या पाऊच फुटून तेल गळाल्याच्या, तारीख जवळ आल्याच्या, आणि मसाला वाटला त्यापेक्षा खूप तिखट (किंवा अगदीच फिका) निघाल्याच्या. नावाजलेल्या ब्रँडशी भावात काकू लढू शकणार नाहीत हे तर उघड होते. पण गळणार नाही असे पॅकिंग, ताजी तारीख आणि पाकिटावर 'मध्यम' की 'झणझणीत' हे स्पष्ट लिहिणे, हे काकूंना जमण्यासारखे होते. ब्याडगी रंगाला आणि संकेश्वरी तिखटाला, हे प्रमाण बदलून दोन प्रकार करणे त्यांच्यासाठी डाव्या हातचा मळ.

पायरी ३ : हिशेब

इथे बहुतेकांची विकेट जाते. आमचा अंदाजी हिशेब देते. २०० ग्रॅमचे पाकीट १८० रुपयांना विकले असे समजा. माल आणि कांडप ७५, पाऊच-खोका-लेबल १७, कुरियर ६०, कमिशन आणि पेमेंट फी २०. उरले ८ रुपये.

आता दहा ऑर्डरींमधली एक परत आली असे धरा. यालाही आरटीओ म्हणतात, पण लायसन्सवाले नव्हे, 'रिटर्न टु ओरिजिन'. कॅश ऑन डिलिव्हरीत हे जास्त होते. नऊ पाकिटांचे मिळाले ७२. परत आलेल्याचे जाऊन-येऊन कुरियर १२०, पॅकिंग १७, आणि खाण्याची वस्तू पुन्हा विकायची नाही म्हणून मालाचे ७५ गेले, एकूण २१२. म्हणजे दहा पाकिटे विकून १४० रुपये तोटा!

मग ४०० ग्रॅमचे पाकीट ३४० रुपयांना धरून बघितले. माल १५०, पॅकिंग २२, कुरियर तेच ६० (अर्ध्या किलोच्या आत बसते म्हणून), फी ३८. उरले ७०. नऊचे ६३०, त्यातून परत आलेल्या एकाचे २९२ वजा. हातात ३३८. मसाला तोच, फक्त पाकिटाचे वजन बदलले आणि तोट्याचा फायदा झाला. कमिशन आणि कुरियरचे दर बदलत असतात, म्हणून तुमच्या वस्तूसाठी त्या दिवशीचे दर बघूनच हिशेब करा.

कुरियरवाले नुसते वजन बघत नाहीत, जागाही मोजतात. सर्वसाधारण सूत्र असे : लांबी × रुंदी × उंची (सेंटिमीटरमध्ये) भागिले ५०००, उत्तर किलोमध्ये. खरे वजन आणि हे वजन, यात जे जास्त त्याचे पैसे. कुरडया पाठवायच्या असतील तर ३० × २० × १० चा खोका १.२ किलोचा धरला जातो, आत पाव किलो कुरडया असल्या तरी. मेकॅनिकलवाल्यांनी खोक्याच्या डिझाइनकडे लक्ष द्यावे, तिथे खरा पैसा आहे.

कागदपत्रांचा खर्च आणि वेळही यातच धरा. खाण्याच्या वस्तूला एफएसएसएआयचा नंबर हवा. पाकिटावर वजन, किंमत, तारीख, पत्ता हे सगळे हवे. पोर्टलवरून दुसऱ्या राज्यात माल विकायचा तर जीएसटी नोंदणी लागते. राज्यातल्या राज्यात विकणाऱ्या छोट्या विक्रेत्यांना १ ऑक्टोबर २०२३ पासून काही अटींवर त्यातून सूट मिळाली आहे.

पायरी ४ : छोटी चाचणी

"मसाला आणला तर घेशील का?" असे हॉस्टेलमध्ये विचारले तर सगळे हो म्हणतात. मैत्रीत कोण नाही म्हणेल? म्हणून आम्ही विचारलेच नाही. साठ पाकिटे मागवली, व्हॉट्सॲपवर किंमत टाकली आणि पैसे आधी घेतले. एक्केचाळीस पाकिटे गेली. पण खरा आकडा पुढचा आहे. आम्ही काही न बोलता पाच आठवड्यांत पुन्हा मागणारे चौदाजण निघाले. त्यातले बहुतेक स्टाफ क्वार्टर्समधले आणि बाहेर फ्लॅट घेऊन राहणारे. हॉस्टेलमधले जवळजवळ कोणीच नाही, आणि ते साहजिकच आहे, आपल्याकडे गॅस कुठे आहे? पहिली ऑर्डर ओळखीपोटी येते, दुसरी चवीपोटी. ज्याच्या घरी रोज स्वयंपाक होतो पण बेगमी होत नाही, ते आमचे गिऱ्हाईक.

सगळा तक्ता काकूंना फोनवर वाचून दाखवला. निर्णय त्यांनीच घेतला. मशीन यंदा नाही, कांडप पूर्वीसारखे गावच्या गिरणीतच. पाकीट ४०० ग्रॅमचे, दोन प्रकारांत, पैसे आधी. महिन्याला शंभर पाकिटांची मागणी सलग सहा महिने टिकली तर कर्जाचा विचार. "म्हंजे आत्ता हप्ता न्हाई. बरं झालं," एवढेच त्या म्हणाल्या.

आमच्या अभ्यासाला काही आठवडे लागले. खर्च झाला तो साठ पाकिटांच्या मालाचा, आणि तोही वसूल झाला.

तर मित्रांनो, तुमच्याकडे जी काही आयडिया असेल, टी-शर्ट, कीचेन, रोबोटिक्सचे किट, आजीच्या हातची गोधडी, ती आज वहीच्या एका पानावर लिहा. खाली चार प्रश्न लिहा. पाच वर्षांचा ग्राफ काय म्हणतो? नाराज गिऱ्हाईक कशावर चिडले आहे? एक पार्सल परत आल्यावर काय उरते? आणि न विचारता दुसऱ्यांदा किती जणांनी मागितले? चारही उत्तरे आकड्यांत आली तर जरूर पुढे जा. उत्तर 'नाही' आले तरी वाईट वाटून घेऊ नका. वहीतले 'नाही' पाच-दहा रुपयांत पडते, गोदामातले 'नाही' घरच्यांच्या पैशांत पडते.

ऑल द बेस्ट!