घरचे हॉटेल बंद करताना

घरचे हॉटेल बंद करायचे म्हणजे तीन कामे: माणसांची देणी भागवणे, जागेचा ताबा देणे आणि परवाने संपवणे. हार-तुरे आणि फोटो हे चौथे काम, ते शेवटीच यावे. बहुतेक ठिकाणी क्रम उलटा होतो. खाली मिसळ-थाळी, वर यात्रेकरूंसाठी खोल्या अशा पंचवटीतल्या एका हॉटेलचा शेवट प्रस्तुत लेखकाच्या घराने पाहिला आहे. पुढील सूचना त्यातूनच आल्या आहेत.

नाशकातल्या जागेचे गणित सिंहस्थाभोवती फिरते. 2003 आणि 2015 नंतरचा सिंहस्थ 2026-27 मध्ये येतो. तो जवळ आला की रामकुंडाच्या आसपास खोलीला भाव येतो आणि जागामालकाची भाषा बदलते. अशा काळात घाई मालकाला असते. सोडून जाणाऱ्याने ती अंगावर घेऊ नये.

पहिली बातमी कामगारांना द्यावी. आचारी, मोरीवरची बाई, पेठ-सुरगाण्याकडची पोरे यांना ती गिऱ्हाइकाच्या तोंडून कळणे बरे नव्हे. दहा किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनेला ग्रॅच्युइटी लागू होते, आणि एकदा लागू झाली की पुढे संख्या घटली तरी सुटत नाही. अखेरच्या मासिक वेतनाला 26 ने भागून 15 ने आणि नोकरीच्या वर्षांनी गुणले की रक्कम निघते. उचल वळती करायची असेल तर आकडा कामगाराला आधी दाखवावा, पैसे बँकेतून द्यावेत, पावतीवर सही घ्यावी.

मग उधारी. ‘शेठ, तुमच्यासारखी तर्री आता कुठे मिळणार’ म्हणून डोळे पुसणारे आणि पाटीखाली फोटो काढणारे अनेक जण वहीतही असतात. वहीचा विषय निघाला की त्यांना अचानक काम आठवते. हॉटेलातल्या खाण्यापिण्याच्या पैशांसाठी दावा लावण्याची मुदत पदार्थ दिल्यापासून तीन वर्षे आहे, राहण्याच्या पैशांसाठी ते देय झाल्यापासून तीन वर्षे. त्यामुळे बंदची बातमी फुटण्याआधीच वसुलीला निघावे. नंतर मिळते ते फक्त कौतुक.

सर्वांत जास्त मनस्ताप जागेचा. वर उल्लेखिलेल्या कुटुंबाचे मालकाशी संबंध घरोब्याचे होते. दिवाळीचा फराळ इकडून तिकडे जात असे. ताबा देण्याच्या दिवशी मालक टेप घेऊन आले. भट्टीवरची चिमणी, भिंतीतले कप्पे, संगमरवरी टेबले मोजली गेली. ‘भिंतीला लागलेलं ते जागेचं,’ असे ते म्हणाले, तेव्हाही त्यात विशेष काही वाटले नाही. मग ते पाटीपाशी थांबले आणि पाटी राहू द्या, म्हणाले. त्या क्षणी सगळा उलगडा झाला. त्यांना रिकामी जागा नको होती. नावासकट चालते हॉटेल दुसऱ्याला द्यायचे होते, आणि अनामत परत करण्यात चाललेली टाळाटाळही त्यासाठीच होती.

कायदा याबाबत स्पष्ट आहे. करारात वेगळे काही नसेल, तर 1882 च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यानुसार भाडेकरू स्वतः बसवलेल्या वस्तू ताबा असेपर्यंत काढून नेऊ शकतो. जागा मूळ स्थितीत ठेवावी लागते इतकेच. म्हणून किल्ली देण्याआधी सामान हलवावे. 1999 च्या महाराष्ट्र भाडेनियंत्रण कायद्यानुसार करार लेखी करून नोंदवण्याची जबाबदारी मालकाची आहे. तो नोंदवलेला नसेल तर अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे ग्राह्य धरले जाते, उलट सिद्ध होईपर्यंत. नाव नोंदणीकृत नसले तरी दीर्घ वापरातल्या नावाला संरक्षण मिळते. पाटी सर्वांत आधी उतरवावी. अनामत आणि किल्ली यांची देवघेव एकाच बैठकीत, साक्षीदारासमोर व्हावी. घरोबा हा लेखी पुरावा नव्हे.

परवान्यांचे काम कंटाळवाणे, पण सोपे. जीएसटी नोंदणी रद्द झाल्यावर तीन महिन्यांच्या आत जीएसटीआर-10 हे अंतिम विवरणपत्र भरावे लागते. अनेकांचे हेच राहून जाते आणि मागून नोटीस येते. अन्न परवाना, गुमास्ता, महापालिका आणि पोलिसांकडचे परवाने रीतसर परत करावेत. महावितरणकडे कायमस्वरूपी वीजजोड तोडण्याचा अर्ज केल्याशिवाय सुरक्षा ठेव सुटत नाही. 19 किलोच्या सिलिंडरांची अनामत मिळवण्यासाठी मूळ व्हाउचर जपलेले असावे.

सामान एकगठ्ठा विकू नये. भंगारवाला पितळी पातेली आणि लोखंडी स्टँड एकाच भावात धरतो. डीप फ्रीजर, ग्राइंडर नव्याने हॉटेल काढणाऱ्याला वेगळे द्यावेत. पाहुण्यांची रजिस्टरे आणि ओळखपत्रांच्या झेरॉक्स रद्दीत मुळीच घालू नयेत.

एवढे झाल्यावर निरोप. मुंबईत जहांगीर कलादालनातले उषा खन्ना यांचे समोवार 1964 मध्ये सुरू झाले आणि 31 मार्च 2015 रोजी बंद झाले. तारीख आधी ठाऊक असल्याने जुनी गिऱ्हाइके येऊन भेटून गेली. तारीख जाहीर करणे योग्यच. मात्र त्या दिवशी सगळे रोखीने चालेल, असेही सांगावे.

शेवटी, हिशेबाच्या वह्या वार्षिक विवरणपत्राच्या देय तारखेपासून 72 महिने जपाव्यात, आणि ठेवी व परतावे जमा होईपर्यंत धंद्याचे बँक खाते बंद करू नये.