कुत्र्याला पत्र्याखाली बांधताय?

एप्रिल-मे महिन्यांत बीडचा पारा चाळिशी ओलांडतो आणि दवाखान्यात उष्माघाताची कुत्री येऊ लागतात. बरीचशी पत्र्याच्या शेडमध्ये आखूड साखळीला बांधलेली असतात. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही; ते धापा टाकूनच अंग गार करतं. पत्र्याखालची हवाच तापलेली असली, की धापांचाही उपयोग होत नाही.

म्हणून आधी सावली बघा. कडुलिंबाखाली किंवा दुपारी सावली राहील अशा भिंतीलगत जागा करा. पत्राच असेल तर त्यावर कडबा नाहीतर उसाचं पाचट जाड अंथरा आणि दोन बाजू वाऱ्याला मोकळ्या ठेवा. विटांवर फळी टाकली, की पावसाळ्यात खालून ओल येत नाही.

कुत्र्याचं तापमान एरवी 101 ते 102.5 फॅरनहाइट असतं. 105 च्या पुढे गेलं, की जिवावर बेततं. चिकट लाळ, लालभडक हिरड्या, झोकांड्या दिसल्या तर पोटावर, मांड्यांवर साधं पाणी ओता, वारा घाला. ओलं गोणपाट गुंडाळून ठेवू नका, उष्णता आत कोंडते. तरतरी आली तरी दवाखान्यात आणाच.

दुसरा शत्रू गोचीड. अंगावरचे वेचले म्हणजे संपले असं नाही. रक्त पिऊन फुगलेली मादी खाली उतरते आणि भिंतीच्या भेगांत हजारो अंडी घालते. भेगा बुजवा, चुना मारा, गोणपाट उकळत्या पाण्यातून काढा. बैलांसाठी आणलेलं गोचिडाचं औषध अंदाजानं कुत्र्याला चोळू नका. ते अंग चाटतं आणि विष पोटात जातं. ताप, नाकातून रक्त, पांढुरक्या हिरड्या दिसल्या तर तो गोचीडताप असू शकतो, रक्त तपासून घ्या.

रात्रीचं वेगळं सांगतो. 2020 च्या नोव्हेंबरात आष्टी तालुक्यात बिबट्यानं माणसं मारली, ते आपण विसरलेलो नाही. कुत्रं हे बिबट्याचं आवडतं भक्ष्य. अंगणात बांधलेलं कुत्रं पळूही शकत नाही, वर बिबट्या आपल्या दाराशी येतो. डोंगराकडेच्या वस्त्यांवर रात्री कुत्र्याला मजबूत जाळीच्या, पक्क्या दाराच्या आत घ्या, साखळी काढून.

ऊसतोडीला निघणाऱ्या कुटुंबांनो, कुत्रं कोपीवर नेणार असाल तर आधी रेबीजची लस टोचून घ्या. मागं ठेवणार असाल तर ते बांधून जाऊ नका. भाकरी-पाणी कोण देणार, हे शेजाऱ्यांशी ठरवूनच टोळीबरोबर निघा.